वामनरावांचा शब्दसाठा

पक्षाघाताने वाचा गेल्यापासून वामनराव टिपऱ्यांच्या मनातलं त्यांच्या गळ्यातलं यंत्र बोलायचं. शब्द मात्र त्यांनी जन्मभर वापरलेलेच, म्हणजे बहुतेक कचेरीतले.

बायकोला, कुमुदताईंना, ऑपरेशनला नेताना वामनरावांनी तिचा हात घट्ट धरला. डोळे भरून आले. यंत्र म्हणालं, "सदर प्रकरणी आपण सत्वर परत यावे."

"अहो, आज तरी नीट बोला!"

त्यांनी पुन्हा सगळा जीव एकवटला. "विलंब झाल्यास लेखी खुलासा सादर करावा."

यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरीणबाई ओशाळल्या. "काकू, काकांनी तुमच्याशी गोड बोललेलं एखादं वाक्य सांगा. आत्ता यंत्रात भरते."

कुमुदताई चाळीस वर्षं मागे गेल्या. स्ट्रेचर लिफ्टमध्ये शिरलं, दार मिटलं, तरी त्या आठवतच होत्या.