वायरमास्तर

दार उघडायला आईच आली. तिनं ओळखलं नाही, तेव्हा त्यानं आपणहून सांगितलं, "गोदामाच्या दारावरचं अंगठ्याचं मशीन मी बसवलं होतं."

आई बाजूला सरकली. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

खोलीत दोन पलंग होते. एकावर धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. दुसऱ्यावरची चादर ताठ घातलेली होती. आगीला सव्वीस दिवस झाले होते आणि तेवढ्या दिवसांत त्या पलंगावर कोणी टेकलं नव्हतं.

दोघे भाऊ एकाच गोदामात कामाला होते. थोरला आवक-जावक लिहायचा, धाकटा माल लावायचा. आग लागली त्या दुपारी बाकी झाडून सगळे वाचले. एकटा थोरला आत सापडला. दार उघडलं नसणार, असं जो तो म्हणत होता.

"मास्तर आलेत," आई म्हणाली.

धाकटा उठून बसला. दाढी वाढली होती, गाल आत गेले होते. गोदामात सगळे या माणसाला वायरमास्तर म्हणायचे. दाराला वायरच पाहिजे, हा त्याचा हेका. कोणी वाय-फायचं नाव काढलं की विचारायचा, "हवेत गाठ बसते का?"

"जेवत नाही," आई सांगू लागली. "म्हणतो, मी तिथं असतो तर दादाला ओढून काढलं असतं. मी म्हणते, एक गेला, आता तूही जा म्हणजे झालं."

"तू नव्हतास तिथं?" मास्तरनं विचारलं.

"साडेतीनलाच निघालो होतो. डोकं ठणकत होतं." धाकटा नखं कुरतडत होता. "वेळेआधी दारावर अंगठा लावला की साहेब बोलावून घ्यायचा. म्हणून मागच्या शटरनं सटकलो. दादालाही सांगितलं नाही. घरी येऊन झोपलो."

मास्तर दोन पावलं जवळ आला.

"दादाचे दोन फोन येऊन गेले. मला जागच आली नाही." त्यानं उशीखालून फोन काढून समोर धरला. "शेवटी मला हाक मारली त्यानं, आणि मी घोरत पडलो होतो."

मास्तरनं फोन हातात घेतला. चार तेरा. दोन्ही फोन एकाच मिनिटातले. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. मग त्यानं फोन हळूच पलंगावर ठेवला.

"मावशी, मी एक सांगायला आलोय," तो म्हणाला. "दार उघडलं नाही. चूक माझी."

धाकट्यानं वर पाहिलं.

"दारावरचं मशीन अंगठा बघतं आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरला विचारतं. तिकडून हो आलं, की कुलूप सुटतं. वायर असली की उत्तर येणारच. मी त्या दाराला वाय-फाय लावलं. बाकीचे बाहेर पडल्यावर आगीत ते बंद पडलं आणि दार उत्तराची वाट बघत बसलं."

"तुम्ही?" धाकटा म्हणाला. "तुम्ही तर वायरीशिवाय बोलत नाही."

"भिंत जाड होती. फोडायचा कंटाळा केला."

"आणि मी असतो तर?"

"तुझ्या अंगठ्यानंही उघडलं नसतं. तू आत असतास तर मावशींचे दोन्ही गेले असते."

आई पलंगाच्या कडेला हात लावून खाली बसली.

"त्यानं किती वेळा लावला असेल हो अंगठा?" तिनं विचारलं.

"एकदाच. मग धुरानं लगेच शुद्ध गेली असणार. फार सोसावं लागलं नाही त्याला."

धाकटा उठला. त्यानं मास्तरच्या सदऱ्याला हात घातला, पण त्या हातात जोर नव्हता. तसाच धरून तो रडायला लागला. सव्वीस दिवसांत तो पहिल्यांदा रडत होता, हे आईच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मास्तरनं सदरा सोडवून घेतला नाही.

"जा तुम्ही आता," आई शेवटी म्हणाली. "पुन्हा या घराची पायरी चढू नका." मग धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "ऊठ, तोंड धू. दोन घास खा."

तो हो म्हणाला. मास्तरनं जिना उतरताना ते ऐकलं.

खाली गाडीत मास्तरची बायको बसली होती. कामाचा सगळा हिशोबबिशोब, पत्रव्यवहार तीच बघायची. जळक्या मशीनमधली नोंद काल दोघांनी मिळूनच वाचली होती.

"सांगितलंस?" तिनं विचारलं. "दार उघडलं होतं म्हणून?"

"उघडलं नाही म्हणून सांगितलं."

तिनं किल्लीवरचा हात काढला. "डोकं ठिकाणावर आहे ना? वायर शेवटपर्यंत शाबूत होती. चार बाराला तो बाहेर पडलाय. उद्या चौकशीत हे दाखवलं, की तुझ्यावरचा डाग पुसला जातो. तेच तर सांगायला आला होतास."

"उद्याही तेच सांगणार. मशीन जळलं, आतलं काही वाचलं नाही."

"आयुष्यभराचं नाव घालवशील."

"चार चौदाला तो पुन्हा आत गेला, तेही वाचलं होतंस ना?"

"वाचलं. पण बाहेर पडलेला माणूस आगीत परत का जाईल, ते आपल्याला तरी कुठं कळलं?"

मास्तर समोरच्या रस्त्याकडे बघत होता.

"दाराबाहेरच्या पडद्यावर, कोण कोण अजून आत आहे, त्यांची नावं दिसतात," तो म्हणाला. "चार बाराला तिथं एकच नाव उरलं होतं. धाकट्याचं."