पेजेतलं मीठ

"सदरा काढ," डॉक्टर गुप्ते म्हणाले.

काळुराम हलला नाही. कळव्याच्या मिठागरात ज्याचा सारा जन्म लंगोटीवर, उघड्या अंगाने गेला, तो माणूस नौपाड्यातल्या दवाखान्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा दोन्ही मुठींत धरून बसला होता. शेवटी त्याच्या बायकोने, सगुणाने, एकेक बटण काढलं. पलंगावर आडवं होताना तो कण्हला. कमरेचं दुखणं पुन्हा आलं होतं आणि या खेपेला पायांतही उतरलं होतं.

डॉक्टरांनी पाठीच्या कण्यावरून बोटं दाबत नेली. दोन ठिकाणी काळुराम ओरडला.

"हाडांत गेलंय," ते म्हणाले. "लघवीच्या पिशवीखालची ती तुझी गाठ. इतके दिवस गप्प बसली होती. गोळ्या घेतोस ना?"

"नाय. टाकल्या."

"कधी?"

"गेल्या शिमग्याला."

डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला. कारण सापडलं की डॉक्टरांना निम्मं बरं वाटतं, मग रोग्याचं काही होवो. हात धुता धुता त्यांनी काळुरामला फैलावर घेतलं. "मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना लिहून त्या विलायती गोळ्या मागवल्या मी. झोळीत घालून आणला होता तुला. महिन्याभरात उठलास, पहिल्या निवडणुकीत मत द्यायला आपल्या पायांनी गेलास. आणि सोडल्यास? आपल्या हाताने मरण ओढवून घेतलंस, काळुराम."

काळुराम भिंतीकडे बघत राहिला. "ही बगा ना," तो म्हणाला. बोट दाखवायची गरज नव्हती. छाती बाईसारखी भरली होती. "पालखीचा पयला खांदा आमचे घराचा. उघड्या अंगानं उचलाची असते. असा कसा जाऊ? आगरावरची पोरं मना मावशी म्हनतात. म्हटलं, गोल्या टाकल्या की उतरंल. वरीस होत आलं, उतरत नाय."

गोळी बाईच्या अंगातल्या रसासारखी होती. गाठ पुरुषाच्या रसावर पोसते, म्हणून हा उतारा, एवढं डॉक्टरांनी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. छातीचं तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

हात पुसता पुसता ते थांबले. "वर्षभरात एकही गोळी नाही?"

"आईची आन."

त्यांनी छाती चाचपली. काळुराम कळवळून मागे सरकला.

"मग ही अजून अशी कशी?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "आतापावेतो ओसरायला हवी होती."

"बंद नव्हत्या झाल्या," सगुणा म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"कंपाउंडरकडून मीच नेत व्हते. वाटून देत व्हते. पेजंच्या मिठात."

काळुराम पेजेत मीठ आपल्या हाताने घाली. मीठ त्याच्याच आगरातलं. सगुणा ते वाटीत काढून पेजेशेजारी ठेवी आणि तो वाटी उपडी करी. दुकानातलं मीठ त्याने जन्मात तोंडाला लावलं नव्हतं. कालवणात काही घातलं असतं तर त्याला लगेच कळलं असतं. वाटीतल्या मिठाकडे मात्र त्याने कधी निरखून पाहिलं नाही.

"एक दिस चुकले नाय मी," ती म्हणाली. म्हणाली अभिमानाने, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज खाली आला. "मंग डाक्टर, रोग उलटला कसा? गोल्या तर चालूच व्हत्या."

डॉक्टर खुर्चीत बसले. हाती आलेलं कारण गेलं होतं.

"गोळीने गाठ उपाशी राहते, बाई," ते सावकाश म्हणाले. "पुष्कळशी मरते. पण तिच्यात थोडं असं काही उरतं, की जे उपाशी राहूनही वाढतं. मग तेच वाढत जातं. आणि ते फार जहाल असतं."

"म्हंजे रोग मीच जहाल केला?"

"तसं म्हणणारे आहेत. तो तसाही होणारच होता, गोळीने उलट मधली वर्षं मिळाली, असं म्हणणारेही आहेत. मला माहीत नाही."

मघाशी, आपल्या हाताने मरण ओढवलंस म्हणताना, त्यांना सगळं माहीत होतं.

काळुराम उठून बसला. सगुणाने सदरा पुढे केला. त्याने घेतला नाही.

"रोज सकाली बगत व्हतो मी," तो तिला म्हणाला, "उतरली का म्हनून. तू तितंच बसलेली असायचीस."

"तुमी जगावं म्हनून केलं."

"मना इचारलं व्हतंस?"

तिने पदर तोंडाला लावला. रडणं आवरलं आणि डॉक्टरांकडे वळली, कारण घरी जाऊन चूल पेटवायची होती आणि चुलीपुढे बसून काय करायचं ते तिला कळत नव्हतं. "डाक्टर, मंग आता यांना काय देऊ?"

डॉक्टरांनी दौतीत टाक बुडवला, कागदावर नेला, आणि तिथेच धरून ठेवला. कागदावर शाईचा एक ठिपका पडला.

काळुराम भिंतीचा आधार घेत दारापर्यंत पोचला होता. उघडाच. बाहेर रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं, माणसं येत जात होती. सदरा सगुणाच्या हातात राहिला होता.

"मीठ दे," तो मागे न वळता म्हणाला. "नुसतं मीठ."