ईशेच्या पाळीचं पाणी

ईशे गेला आणि त्याला उचलून बसवायला तुंडुपच आला.

दुसरं कोण येणार? आमच्या लडाखात घरात मरण झालं की घरच्यांनी प्रेताला शिवायचं नाही, चूल पेटवायची नाही, शेतावरही जायचं नाही. ते सगळं फासपुननं करायचं, म्हणजे एकाच कुलदेवाच्या घरांनी. ईशेच्या फासपुनातली बाकीची घरं लेहला राहायला गेलेली. गावात उरलं होतं ते एकट्या तुंडुपचं घर.

आणि दोघं एकोणीस वर्षं बोलत नव्हते. म्हणजे तुंडुप बोलत नव्हता. ईशे आठवड्यातून एकदा बोलायचा. तुंडुपचं शेत वर, ईशेचं खाली, पाट एकच. आपल्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी ईशे पाटाकाठच्या दगडावर चढायचा आणि तुंडुपच्या घराकडे तोंड करून शिव्या घालायचा. तेव्हा कुठं तुंडुप पाटातून आपल्या शेतात पाणी घेणारं दार मातीनं बांधायचा.

तुंडुपनं रीतीप्रमाणे प्रेत बसतं करून कापडात बांधलं. लामांना चहा दिला. ईशेच्या बायकोशी, देचेनशी, तो चकार शब्द बोलला नाही.

लामांनी दहनासाठी पाचवा दिवस काढून दिला होता. तिसऱ्याच दिवशी ईशेची पाळी आली. जव ओंब्यांवर आला होता. हे पाणी चुकलं असतं तर पुढचं आठ दिवसांनी, आणि तोवर घरादाराचं वर्षाचं पीठ उभ्या उभ्या वाळलं असतं. तुंडुपनं कोपऱ्यातलं ईशेचं फावडं उचललं.

"त्याची सगळी कामं आता माझ्याकडे," तो म्हणाला आणि निघाला.

"आमा-ले, इतकी वर्षं चोरून नेलं, आज राजरोस नेईल बघ," देचेनची मुलगी आंगमो आईला म्हणाली.

देचेनलाही तीच भीती होती. पण बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. ती खिडकीशी बसून राहिली. तुंडुपच्या शेताचं दार उघडंच होतं, पाणी सगळं तिकडे वळलेलं. तो फावडं घेऊन तिथवर गेला. मग ईशेच्या दगडावर चढला, कमरेवर हात ठेवले आणि स्वतःच्या घराकडे तोंड केलं.

"ए तुंडुप, पाणीचोरा," तो ओरडला, "बांधतोस का दार, की येऊन टाळकं फोडू तुझं?"

प्रेताजवळ चाललेलं लामांचं वाचन थांबलं. देचेनला तीन दिवसांत पहिल्यांदा रडू आलं.

तुंडुप दगडावरून उतरला आणि नेहमीसारखा पुटपुटत आपलं दार बांधायला गेला.