मामांचा पेपर

मामांनी माऊस उचलून कानाला लावला, जरा वेळ ऐकलं आणि परत टेबलावर ठेवला.

"बंद पडलाय, बाई," ते म्हणाले.

भांडारातल्या बाकीच्या तेरा जणांनी माना खाली घालून हसू दाबलं. बाईंनी कपाळाला हात लावला. पाच आठवडे झाले होते. कारखान्याच्या कॅन्टीनवरच्या खोलीत त्या रोज दोन तास या मंडळींना कॉम्प्युटर शिकवत होत्या. नऊ हजार सुटे भाग कुठल्या फळीवर आहेत ते या चौदा जणांना तोंडपाठ, पण कीबोर्डसमोर बसवलं की हातपाय गळायचे. तरी तेरा जण रडतखडत का होईना, पास झाले होते. राहिले होते ते मामा.

परीक्षा ती केवढीशी. आपलं नाव लिहायचं, दहा वस्तूंची यादी करायची आणि ती साहेबांना मेल करायची. मामा तीनदा बसले आणि तीनदा आपटले. पहिल्या खेपेला त्यांनी नावाचं पहिलं अक्षर दाबलं, ते सव्वीस पानं भरेपर्यंत सोडलंच नाही. दुसऱ्या खेपेला झालेली यादी पुसून टाकली. तिसऱ्या खेपेला स्क्रीनवरची धूळ झटकता झटकता वायरच उपटली.

दर वेळी बाकीचे त्यांची पाठ थोपटायचे. "वा मामा, नाव राखलंत." लेबलं चिकटवणारी मावशी तर त्यांच्यासाठी घरून वेगळा डबा आणायची. बाईंना हे खुपायचं. साठीला टेकलेल्या माणसाची किती टर उडवावी?

"उद्या यांची नोकरी गेली तरी असेच दात काढाल का?" त्या एकदा मावशीवर घसरल्या.

"आम्ही कुठं हसतोय, बाई?" मावशी म्हणाली. "आम्ही तर त्यांच्या पाया पडतो."

वर तोंड करून टोमणा मारते, असं बाईंना वाटलं.

शनिवारी साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं.

"किती राहिले?"

"एकच. मामा."

"एकही राहता कामा नये. आज संध्याकाळी मला सगळ्यांचे निकाल वर पाठवायचेत."

"आणि राहिले तर?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग सगळं अवघड होऊन बसेल."

कोणाचं, ते बाईंना सांगावं लागलं नाही. त्यांचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. नवं यंत्र आलं आणि ते घरी बसले, ते खाटेवरून उठलेच नाहीत.

दुपारी मामा चौथ्यांदा बसले. तासभरात त्यांनी एक टिंबसुद्धा उमटवलं नाही. भोंगा झाला तसे उठले.

"आपल्याला नाही जमत बुवा," म्हणाले आणि जिना उतरू लागले. पाठमोऱ्या मामांचे खांदे हलत होते.

आयुष्यात बाईंनी कुणाला शेजाऱ्याच्या वहीत डोकावू दिलं नव्हतं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि मामांच्या खुर्चीत बसल्या. नाव लिहिलं. यादी केली. खरं वाटावं म्हणून मधे दोन चुका पेरल्या आणि दिली पाठवून. रविवारी कित्येक महिन्यांनी त्यांना गाढ झोप लागली.

सोमवारी त्या आल्या तेव्हा भांडाराला कुलूप होतं. फाटकाशी मावशी पत्र हातात धरून बसली होती. तिने ते बाईंपुढे केलं. प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन, भांडार आता यंत्रावर चालेल, आपली सेवा आजपासून संपली. अशी चौदा पत्रं निघाली होती.

बाई धापा टाकत वर गेल्या. खोलीत मामा होते. भोवती बाकीचे उभे. मामा एकेकासाठी नोकरीचा अर्ज टाइप करत होते. दहाही बोटं चालत होती, नजर खिडकीबाहेर.

"मामा," बाईंच्या तोंडून कसंबसं आलं, "तुम्हाला येत होतं?"

"तुमच्या आधीपासून." मामांची बोटं थांबली नाहीत. "शेवटचा माणूस पास होईपर्यंत एकालाही काढायचं नाही, असं कारखान्याशी झालेल्या आमच्या करारात होतं, बाई. म्हणून नापास कोणी राहायचं, याच्या आम्ही चिठ्ठ्या टाकल्या होत्या."