हार घालायचा फोटो

"परवा माझ्या सुगतचा जलदान विधी आहे. हार घालायला मोठेपणीचा हा एवढाच फोटो आहे," म्हणत शालनबाईंनी फ्रेमवाल्यापुढं पेपरचं कात्रण ठेवलं.

फ्रेमवाल्यानं ते बघताक्षणी ओळखलं. शहाडची वस्ती पाडायला बुलडोझर आला, लोक आडवे आले, गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर हात उगारलेला हा पोरगा आणि खाली ओळ: 'शहाडमध्ये दहशत माजवणारा गुंड'. तो पेपर गिऱ्हाइकांना दाखवत, "बरं झालं गोळी घातली," असं तो स्वतःच म्हणाला होता.

आता त्याला शालनबाईंकडं बघवेना. "ताई, खालची ओळ कापून टाकतो. हा उगारलेला हातपण काढतो. नुसता चेहरा मोठा करून देतो, छान दिसेल."

"ओळ कापा, दादा. हात राहू द्या." शालनबाईंनी कात्रणावरची सुरकुती बोटानं सरळ केली. "गोळ्या सुटल्या तशी मी त्याच्याकडं धावत निघालेले. 'आई, येऊ नको, मागं फिर,' म्हणून मला हात करत होता."