माहेरचा थर

मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता बाईंनी विचारलं, "या अजून जिवंत कशा?"

त्यांची मुलगी ब्लड कॅन्सरने गेली, त्याला महिना झाला होता. तिच्या कॅन्सरच्या पेशी आमच्या लॅबमध्ये वाढत होत्या आणि त्या बघायच्याच म्हणून बाई आल्या होत्या.

"नुसत्या बशीत ठेवल्या तर मरतात, मावशी. खाली निरोगी अस्थिमज्जेच्या पेशींचा थर लागतो. त्याच्या कुशीत शिरल्या की वाढतात, मग औषधालाही दाद देत नाहीत. आम्ही त्या थराला माहेर म्हणतो." आमचा रोजचा शब्द, तोंडातून निघून गेला.

"कुणाचा आहे हा थर?"

मुलीला देण्यासाठी त्यांचीच मज्जा काढली होती. उरलेली त्यांनी संशोधनाला दिली होती. पुढे त्या मज्जेचं काय झालं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"तुमचाच," मी म्हणाले.

चष्मा पुसून त्या पुन्हा वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"आज यांना खायला घातलंत का?" त्यांनी विचारलं.