नावं पडून गेल्यावर

"सिनेमाचं नाव सांगा," दुकानदार म्हणाला.

"छत्रीतलं भूत," बाबा म्हणाले.

दुकानदाराने संगणकात शोधलं. असा सिनेमा जगात कोणी काढला नव्हता.

"ते नाव आम्ही घरी ठेवलंय," मुलीने खुलासा केला. "खरं नाव माहीत नाही."

"बरं, हा दुसरा?"

"दोन डॉक्टर आणि बकरी."

दुकानदाराने संगणक बंद केला. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरचं डिस्कवर भरून द्यायचं आणि जुन्या सिनेमांच्या तयार डिस्क विकायच्या, हा त्याचा धंदा. आयुष्य टेप गुंडाळण्यात गेल्यामुळे सगळे त्याला फिरकी म्हणत. त्याने पिशवीतल्या कॅसेट टेबलावर ओतल्या. एकाही सिनेमाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

कारण साधं होतं. टीव्हीवरचे सिनेमे आई भरून घ्यायची. बाबा खुर्चीतून ओरडायचे, "अगं दाब, सुरू झाला!" आई हात पुसत यायची, व्हीसीआरपुढे उकिडवी बसायची, आणि तिचं बोट बटणापर्यंत जाईस्तोवर सिनेमाच्या नावासकट पडद्यावरची सगळी नावं पडून गेलेली असायची. दर वेळी.

"लग्नालाही उशिराच उभी राहिली," बाबा पाहुण्यांना सांगायचे. "तिशी उलटल्यावर. तोवर कुठल्याशा कारखान्यात कापायच्या टेबलावर होती. मी म्हटलं, पुरे झाली कापाकापी, सोड आता. लगेच सोडली. तेवढी एकच गोष्ट तिने वेळेवर केली."

पाहुणे हसायचे. आईही हसायची आणि चहाचे कप उचलायची.

तिची आवडही अजब होती. गाजलेला सिनेमा लागला की ती खुशाल भाजी निवडत बसायची. कुणी न बघितलेला, सपशेल आपटलेला एखादा लागणार असला, की नवी कॅसेट घेऊन तयार. त्या निवडीला ना शेंडा ना बुडखा. आणि सगळं घर नाक पुसत असताना ही आपली पुटपुटायची, "हे जरा लांबलं."

आई गेल्याला वर्ष होत आलं होतं. तिच्यामागे महिन्याभरात व्हीसीआरनेही मान टाकली. "दुःखाने," असं बाबांचं निदान होतं.

फिरकीने एक कॅसेट उजेडात धरली. "बुरशी आहे, काका. मशीनमध्ये घातली की एकदा चालेल, मग तिचे बारा वाजतील. त्यापेक्षा मला गोष्टी सांगा, मी सिनेमे शोधतो. तयार डिस्क घ्या. चित्र चकचकीत, वर नावांसकट."

"नावं नकोत."

"असं काय करता, बाबा?" मुलगी म्हणाली. "या टेपमध्ये नायकाला मिशी आहे की नाही तेसुद्धा कळत नाही."

"मिशी आहे."

"ती बुरशी आहे."

बाबांनी कॅसेट पिशवीत परत भरायला घेतल्या. "तयार डिस्कमध्ये तुझी आई नाही," ते म्हणाले.

"आई यातही नाही, बाबा. एकाही कॅसेटमध्ये नाही." मुलीचा आवाज बारीक झाला. घरात आईचा चालताबोलता एक तुकडाही नव्हता. कॅमेरा घ्यायचं दर वर्षी राहून गेलं होतं.

"आहे. सुरुवातीला बघ. खटका होतो, चित्र थरथरतं आणि माणूस एकदम दारातून आत येतो. तो खटका म्हणजे तुझी आई. तिचं बोट. इतका उशीर दुसऱ्या कुणाला जमणार आहे?"

फिरकी उगाचच टेबल पुसत राहिला.

शेवटी तह झाला. गोष्ट ऐकून फिरकीने 'छत्रीतलं भूत' हुडकून काढायचं आणि त्याची तयार डिस्क द्यायची. तीच कॅसेट डिस्कवर भरूनही द्यायची. दोन्ही बघून बाबांनी ठरवायचं: बाकीच्या कॅसेट भरायला टाकायच्या की भंगारात.

पुढच्या आठवड्यात फिरकीने दोन्ही डिस्क हातात ठेवल्या. "काका, गंमत सांगू? मी दोन्ही जुळवून बघितल्या. शेवटचं नाव संपतं आणि तिथेच काकू सुरू होतात. मध्ये पापणी लवण्याइतकीही फट नाही."

"उशीर करायची, पण वक्तशीर," बाबा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांची मान ताठ झाली होती.

घरी आल्या आल्या त्यांनी आधी टेपवरची डिस्क लावली. खटका झाला. चित्र थरथरलं. माणूस दारातून आत आला.

"आली," बाबा म्हणाले. त्यांनी ते परत लावलं. मग परत. मुलगी खिडकीबाहेर बघत बसली.

"आता दुसरी लावू?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं. "नावं पुढे ढकलते."

"राहू दे. एवढं काय हुकलं आयुष्यभर, बघू तरी."

तिने तयार डिस्क लावली. संगीत सुरू झालं. सिनेमाचं खरं नाव आलं. ते 'छत्रीतलं भूत'पेक्षा बरंच वाईट होतं. मग नटांची नावं पडू लागली. मागे नायकाचा भला मोठा चेहरा होता, काचेसारखा स्वच्छ.

"बुरशीच होती," बाबांनी कबूल केलं.

मुलगी हसली. गाणाऱ्यांची नावं आली, नाचवणाऱ्याचं आलं. मग पाटी बदलली. वर 'संकलन' असं लिहिलं होतं आणि खाली एकच नाव: आईचं, माहेरच्या आडनावासकट.

बाबांनी रिमोट उचलला. उलटा धरला, सुलटा केला, थांबवायचं बटण शोधलं आणि दाबलं. तोवर सगळी नावं पडून गेली होती, आणि माणूस दारातून आत येत होता.